इटलीवाल्या नत्थूभाऊंचा पिक्चर

आम्ही जुने शूटिंगवाले चहाला भेटलो की गप्पा नत्थूभाऊंवर आल्याशिवाय कोणी उठत नाही. किस्से इतके साचलेत की आधी कोणता सांगायचा यावरच भांडण होतं.

नत्थूभाऊ भंडाऱ्यातले भांड्यांचे व्यापारी. त्यांचं वैनगंगेकाठचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाणार होतं. भाऊंनी ठरवलं, पाणी चढायच्या आत गावात पिक्चर काढायचा. कॅमेरा माझा, लग्नाच्या शूटिंगचा.

त्याच सुमारास इटलीतला एक बडा निर्माता वारला आणि पेपरात त्याच्यावर पानभर लेख आला. त्याचा एकही पिक्चर भाऊंनी पाहिला नव्हता. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली. तिकडे म्हणे शूटिंगला आवाज घेतच नाहीत. नट नुसते आकडे म्हणतात, बोलणं मागाहून भरतात.

"झालं," भाऊ म्हणाले. "आपणही आवाज नंतर भरू."

*

भाऊंनी गावात सांगून ठेवलं, इटलीसारखा पिक्चर होणार. गावानं ऐकलं, इडली. पहिल्या दिवशी सकाळी अर्धं गाव ताटल्या घेऊन हजर.

एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "भाऊ, चटणी आहे न?"

दुसऱ्या दिवशी भाऊंनी खरंच डबे भरून इडल्या आणल्या.

*

हीरो झाडीपट्टीच्या नाटकातला, गळा खणखणीत. मरायचा सीन होता. छाती धरून "अडुसष्ट... एकोणसत्तर..." करत त्यानं सत्तरला मान टाकायची, मग हिरोइननं हंबरडा फोडायचा. ती एकोणसत्तरलाच रडली.

मेलेला हीरो उठून बसला. "मी सत्तरले मरतो न! तू एकोणसत्तरले कायले रडून राहिली?"

भाऊ म्हणाले, "राहू दे. तिले आधीच समजलं असन."

*

हीरोच्या आईचं काम गावातल्याच पारबतामायकडे होतं. मुलगा गाव सोडून निघतो, आई दारातून निरोप देते, एवढाच सीन.

"नत्थू, मले मोजता येत नाही," माय म्हणाली.

"काहीही बोल माय. आवाज नंतर भरू."

मग माय दारात उभी राहिली आणि गल्लीकडे बघत एकेक घर म्हणत गेली. "हे मनिरामचं. हे भागरताचं. हे सुक्याचं..."

पुढे नागपूरला डबिंग झालं, तोवर त्या गल्लीत पाणी शिरलं होतं. पडद्यावर गल्ली दिसली आणि मायनं पुन्हा तेच म्हटलं. रेकॉर्डिंगवाला वैतागला. हा डायलॉग कुठे लिहिलाय, म्हणाला.

"इटलीत असंच चालते," भाऊ म्हणाले. पुढे बोलू दिलं नाही.

*

पहिला शो पुनर्वसनाच्या नव्या गावातल्या समाजमंदिरात, भरदुपारी, खिडक्यांना सतरंज्या लावून. आकडे-इडलीचे किस्से सगळ्यांना माहीत, त्यामुळे हसणं आधीपासूनच चालू. मग तो सीन आला.

"हे मनिरामचं," पडद्यावरची माय म्हणाली.

मागून आवाज आला, "हाव, आहो इथं."

"हे भागरताचं."

"आहो जी."

"हे सुक्याचं." सुक्या राहिला नव्हता. त्याची सून पदर सावरत उभी राहिली. "आहो."

अख्ख्या गल्लीनं अशी हाजिरी दिली. मला पडदा धड दिसेना झाला होता, ते लपवत नाही.

शेवटी माय म्हणाली, "अन् हे आमच्या नत्थूचं."

सगळे मागे वळले. भाऊ पिक्चरच्या मशीनपाशी उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

मग म्हणाले, "आवाज नंतर भरू."