आठ केळ्यांची फणी

नाना गेल्याचं जुन्या ऑफिसातल्या शबानाने फोनवर सांगितलं, तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला लिहू... आता आपल्याला भागाकार विचारणारं कोणी उरलं नाही, हा पहिला विचार. दीड महिना झाला त्याला. मी इथे दूर होसूरला, एका इंटरनेट कंपनीत हिंदी-मराठी गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे फोन घेते. माझी शाळा नववीत सुटली, त्यामुळे वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहायची धास्तीच वाटते. पण गेलेल्या माणसाविषयी गोड लिहायचं असतं म्हणे, ते काही मला जमणार नाही. नानांनी मला जगायचं काम शिकवलं, त्याचे उपकार आहेतच. आणि माझी एक चूक त्यांनी सहा वर्षं जगाला दाखवली, त्याचा रागही आहे.

नाना मूळचे धुळ्याचे. जळगावात घरोघर इंटरनेटची लाइन टाकून देण्याचं त्यांचं ऑफिस होतं. मी असोद्याहून बसने यायची आणि फोनवर बसायची. पहिल्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक कडाडलं, "शंभरचं कनेक्शन म्हणून दिलं अन् मोबाईलवर डाउनलोड बाराच दाखवतंय! लुटता का?" मी घाबरून "सॉरी दादा, वाढवून देते" म्हटलं. नानांनी रिसीव्हर हिसकावला, त्याला समजावलं, फोन ठेवला आणि सगळ्यांसमोर माझ्यावर घसरले. "काय वाढवशीन? तुना बाप वाढवी का?" मग शबानाच्या डब्याशेजारची केळी उचलून माझ्यापुढे आपटली. म्हणाले, एक केळं म्हणजे एक बिट, आठ केळ्यांची फणी म्हणजे एक बाइट. लाइन विकणारा केळी मोजतो, मोबाईल फण्या मोजतो. शंभर केळ्यांच्या फण्या किती? मला येईना. "साडेबारा! बठ्ठं ध्यानमा ठेव, नाहीतर उद्या येऊ नको." मी संडासात जाऊन रडले. पण बसमध्ये बोटांवर मोजत मोजत पुटपुटत राहिले, पन्नासचे सव्वासहा, चाळीसचे पाच...

एवढं पाठ करूनही चुकले. रावेरला एका आबांची केळी पॅकिंगची शेड होती. दिल्लीचा व्यापारी माल भरताना कॅमेऱ्यातून बघायचा आणि मगच ट्रक उतरवून घ्यायचा. कॅमेरेवाल्याने कागदावर लिहून दिलं होतं, सेकंदाला चार मेगाबाइट अपलोड व्हायला हवेत. लाइन मेगाबिटमध्ये, म्हणजे चारला आठाने गुणून बत्तीस. मी फॉर्ममध्ये चारच लिहिले. आलेल्या तक्रारींना आठाने भागायची सवय झाली होती, गुणायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. फॉर्मवर 'तपासले' म्हणून नानांची सही होती. हे विसरू नका, मी कधी विसरले नाही.

चित्र दिल्लीला पोचेना, व्यापारी ट्रक उतरवेना, माल काळा पडला. नानांनी मला मोटारसायकलवर मागे बसवून रावेरला नेलं. शेडमध्ये दहा-बारा माणसं घड कापत उभी होती. त्यांच्यासमोर आबांना म्हणाले, "हिलेच इचारा." मग माझ्याकडे वळून, "कोननी चूक शे, सांग." मी म्हटलं, माझी. घाबरून मी केळी आणि फण्यांचा हिशोबही सांगायला लागले. आबा भडकले, "आठ केळ्यांची फणी? एवढी बारकी फणी आम्ही ढोरांपुढे टाकतो! अन् हे बाई मले केळं शिकवून राह्यली!" सगळी शेड हसली. नानाही हसले... स्वतःच्या सहीबद्दल मात्र चकार शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून चिठ्ठी लिहून घेतली, 'बत्तीसच्या जागी चार लिहिले', खाली माझं नाव. ती माझ्याच टेबलाच्या काचेखाली सरकवली. सहा वर्षं येणारं-जाणारं माणूस ती वाचायचं. लग्न ठरून होसूरला निघाले, तेव्हा म्हटलं, नाना, आता ती चिठ्ठी द्या. "ती हापिसनी शे," म्हणाले. इथे सुपरवायझर झाले तेव्हा हौसेने त्यांना फोन केला. "तीनशेचे किती?" एवढंच विचारलं. "साडेसदतीस," म्हटलं. त्यांनी फोन ठेवून दिला! मग मीही परत केला नाही. तेच आमचं शेवटचं बोलणं.

परवा शबानाचा पुन्हा फोन आला. ऑफिस आता नानांच्या पुतण्याकडे गेलंय, नवी टेबलं येणार म्हणून जुन्या काचा काढत होते. "तुझ्या चिठ्ठीखाली अजून एक कागद निघाला गं," ती म्हणाली. "नानांचं अक्षर आहे. तारीख तुझ्या चिठ्ठीचीच."

"वाच."

"'न तपासता सही केली.' खाली पूर्ण नाव."

सहा वर्षं माझे कोपर त्या कागदावर टेकलेले होते. म्हणजे माणसाला कळलं होतं. लिहूनही ठेवलं होतं. आणि माझ्या चिठ्ठीखाली लपवून ठेवलं होतं! डोळे भरून आले आणि राग पहिल्यापेक्षा जास्त आला, दोन्ही एकदम. रावेरच्या शेडमध्ये तोंडाने एवढं म्हणाले असते तर काय बिघडलं असतं...

शबाना विचारत होती, "फेकू का दोन्ही?"

"फेकू नको," मी म्हटलं. "पुतण्याला सांग, नव्या टेबलावरही काच बसवायला. त्याच्या स्वतःच्या टेबलावर. दोन्ही चिठ्ठ्या तिथे ठेव. पण या वेळी नानांची वर."