साडूभाऊंनी घातलेलं एक चुकीचं नाव

यंत्राला स्वतःचं नाव सांगता येत नाही म्हणून भरल्या ताटावरून उठणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच, आणि तो माझा थोरला साडू. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजचे सर्व्हर ते सांभाळत. मला तिथे चिकटवलं त्यांनीच. कोणत्या नावाचं यंत्र कोणत्या पत्त्यावर सापडेल, याची यादी प्रत्येक सर्व्हरवर असते, तिला होस्ट्स फाइल म्हणतात. ती ते स्वतः लिहीत आणि लग्नपत्रिकेतली नावं तपासावीत तशी पडद्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचत. पहिली ओळ त्या यंत्राच्या स्वतःच्या नावाची. "आधी सोताला ओळख, मग जगाला हाक मार," असं नव्या सर्व्हरला ते खरोखर बजावत. एका लग्नात कुणी माझी ओळख नुसती 'पाहुणे' अशी करून दिली, तर यांनी वरबापाला थांबवलं, "नाव-गाव सांगा की राव, पाहुणे लय हायेत!"

पुढे सर्व्हरची मांडणी आपोआप करणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, मी लिहिली. "चालवायच्या आधी मला दाखव रे," ते म्हणाले होते. मी दाखवली नाही. त्यांच्या त्या बोट ठेवून वाचण्याचा मला कंटाळा यायचा, हे आज कबूल करतो. स्क्रिप्टने जुनी यादी पुसून नवी लिहिली आणि थंडावा घटल्याचा इशारा ज्या यंत्राकडे जायचा त्याच्या पत्त्याची, त्यांनी हाताने घातलेली ओळ गेली. इशारा कुणापर्यंत पोचलाच नाही. एक खोलीभर द्राक्षं मऊ पडली. "कोणी केलं हे?" मालकाने विचारलं. मी बुटांकडे बघत राहिलो. साडूभाऊ म्हणाले, "मी." हंगाम संपायच्या आत त्यांची नोकरी गेली.

दोन वर्षं मी गप्प होतो. परवा देवळ्याला त्यांच्या मळ्यात गेलो. कांद्याच्या प्रत्येक वाफ्याला त्यांनी नावाची पाटी लावली होती. तिथेच सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक हाय मला," ते हसले. "फाइल कोणी बनवली, ते तुझ्या स्क्रिप्टनंच वर लिहिलं व्हतं. मालक बघायच्या आत तुझं नाव काढून माझं घातलं."

"तुम्ही? चुकीचं नाव घातलं?"

"तुझी पोरगी बारावीला व्हती ना तवा," म्हणत ते पुढच्या वाफ्याकडे वळले.

काल कामावर ती फाइल उघडली. डोक्यावर अजून त्यांचंच नाव. बोट ठेवून मोठ्याने वाचलं. मग ते खोडून माझं लिहिलं आणि मालकाला हाक मारली.