कासऱ्याचं दुसरं टोक

मी आमच्या गावच्या दूध संस्थेचा सचिव. सकाळी कट्ट्यावर कुणी भुताखेताची गोष्ट काढली की मीच पहिला विचारायचो, "त्या हडळीच्या दुधाला फॅट किती लागली बे?" लोक हसायचे, विषय तिथंच संपायचा. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही ठेवायची इच्छा नाही... पण जे झालं ते माझ्याच हातात झालं. खोटं तरी कसं म्हणू?

आमचं गाव नेकनूरच्या जवळ. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं. विहिरीत नुसता गाळ, प्यायला टँकर. बैल चारा छावणीत नेऊन बांधले होते आणि त्यांचा कासरा ओसरीतल्या खुंटीला बिनकामाचा लोंबत होता. संस्थेत दूध इतकं कमी यायचं की उचलताना कॅन खडखडायचे.

माझे वडील, अण्णा, हवाई दलात होते. पायलट वगैरे नाही! मालवाहू विमानाचं मागचं दार हवेत उघडायचं आणि बर्फातल्या चौक्यांसाठी धान्याची पोती खाली ढकलायची, हे त्यांचं काम. स्वतः खाली जाऊ नये म्हणून कमरेला दोर. त्या विमानाला ते 'म्हातारी' म्हणायचे. आई वैतागायची, "माझ्यापरीस तिच्यासंगंच लई संसार केला ह्यांनी."

त्या मे महिन्यात म्हातारी रिटायर होणार होती. जुन्या मंडळींना निरोपाच्या कार्यक्रमाला बोलावणं आलं होतं. अण्णांनी कोट इस्त्री करून ठेवला, बॅग भरली... आणि निघायच्या आधीच अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दिवसभर बॅगेकडं बघायचे, मग माझ्याकडं. जायचं ना? एवढंच विचारत असायचे डोळ्यांनी. मी मान फिरवायचो. दुसरं काय करणार होतो?

त्यांच्याच टोळीतले भानुदासकाका पाटोद्याचे. ते एकटेच गेले. जाताना म्हणाले, "व्हिडिओ कॉल करतो. गड्याला लांबून तरी बघू दे."

त्या दिवशी दुपारी लाईट गेली होती. बाहेर पान हलत नव्हतं. ओसरीत अण्णांच्या खाटेपाशी मी मोबाईल धरून बसलो, पायथ्याशी आई. काकांनी म्हातारी दाखवली. शेवटच्या फेरीसाठी तिचे पंखे फिरायला लागले आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकलं. आवाजही बंद. मी नेटवर्कला शिव्या घालत होतो, इतक्यात अण्णा स्पष्ट बोलले,

"दार उघडलं. दोर दे."

झटक्यानंतर त्यांच्या तोंडून शब्द असा फुटलाच नव्हता. आई रडायलाच लागली. "आरं बघतोस काय? दे त्यांना काय पायजे ते!"

हाताशी कासराच होता. मी त्यांच्या कमरेला गाठ मारली. दुसरं टोक खांबाला बांधायला गेलो तर त्यांनी मान हलवली. "न्हाई. तू धर."

मी धरलं.

मग विमानासारखी घरघर सुरू झाली. मोबाईल मुका होता, तरी वरचे पत्रे थरथरत होते. ओसरीत थंडी शिरली... मे महिन्यात, भर दुपारी! आईनं पदर अंगाभोवती ओढून घेतला. आणि माझ्या हातातला कासरा ताणला गेला.

इथून पुढचं कसं सांगावं कळत नाही. अण्णा समोर खाटेवर होते, तसूभर हलले नव्हते. तरी कासरा माझ्या हातातून सरकत चालला होता, पलीकडं कुणीतरी बिथरलेला बैल जोडल्यासारखा. मी पाय रोवले. तळवे सोलवटले. आई ओरडत होती, "सोडू नगंस! आरं सोडू नगंस त्यांना!" मी सगळा जोर लावला, देवाशपथ लावला. आणि शेवटचं टोक माझ्या मुठीतून निघून गेलं.

घरघर थांबली. कासरा खाटेखाली वेटोळं होऊन पडला होता. कमरेची गाठ जशीच्या तशी. अण्णा गेले होते.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका. असेल. पण तो कासरा गारठलेला होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. टँकरच्या एका घागरीसाठी भांडणं होत होती तेव्हा, आणि आमच्या ओसरीत कासऱ्याखाली ओल पसरत होती. आई ती नुसती बघत बसली.

बातमी कळताच भानुदासकाका कार्यक्रमाहून थेट आमच्याकडं आले. म्हातारी फेरी मारून सुखरूप उतरली होती, मागचं दार कुणी उघडलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी माझे तळवे हातात घेतले.

"दोर तुझ्या हातात दिलता? आरं, आमी इमानातल्या कड्याला अडकवायचो. माणसाच्या हातात कधीच न्हाई."

"कावून?"

"कड्यातनं सुटत न्हाई. माणसाच्या हातातनं सुटतो."

हे अण्णांना माहीत होतं. मी खांबाला बांधत होतो आणि त्यांनी नको म्हटलं. त्यांना जायचं होतं, असं काका समजावतात. असेलही. पण मला त्यांना सोडायचं नव्हतं हो... मी सोडलंच नाही, मला धरून ठेवता आलं नाही.

पुढं पाऊस झाला, बैल छावणीतून घरी आले. त्यांना मी बाजारातून नवा कासरा आणला. जुना खुंटीलाच आहे. कट्ट्यावर आता कुणी गोष्ट काढली की मी कॅन धुवायच्या निमित्तानं आत जातो. विचारण्यासारखं माझ्याकडं काही उरलेलं नाही.