केसपेपरावरचं इंग्रजी

नवरा गेल्यावर माझी धाकटी बहीण बिडकीनला सासरीच राहिली. तिथं दिराला विचारल्याशिवाय तिला बाहेर पडता येत नसे. नोकरीला मात्र हरकत नव्हती, कारण पगार घरात येत होता. ती शहरातल्या एका खासगी रुग्णालयात परिचारिका. परदेशातल्या नोकरीचं पत्र तिच्या हातात होतं. मुलीला सोबत नेता येणार होतं. इंग्रजीची परीक्षा तेवढी बाकी होती, आणि ती एकदा हुकली होती.

दिराची परवानगी काढून, ड्युटी संपली की ती सिडकोत माझ्याकडं यायची. वॉर्डातली मैत्रीणही सोबत असायची. तिलाही तीच परीक्षा द्यायची होती. मी वर्तमानपत्रात उपसंपादक, म्हणून शिकवणी माझ्याकडं.

बहिणीची चूक पहिल्याच दिवशी कळली. इतकी वर्षं केसपेपर लिहून तिच्या इंग्रजीतून ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदं गळून पडली होती. ‘पेशंट टुक मिल्क.’ वॉर्डात तेवढं पुरतं, परीक्षेत गुण जातात. हे सांगितल्यावर ती सगळ्यालाच ‘अ’ लावू लागली. अ मिल्क, अ ब्लड, अ पेशन्स.

“दूध मोजता येत नाही, त्याला ‘अ’ नको,” मी म्हणालो. “अमक्या कपातलं ठरावीक दूध असेल, तर ‘द’.”

“मोजता कसं येत नाय, दादा? आम्ही रोज मिलीलीटरमध्ये मोजतो की.”

मैत्रीण हसली. “अगे, तू तो लोगां के आँसू भी नापेंगी.”

निकाल लागला. मैत्रीण पास झाली. बहीण लेखनात थोडक्यासाठी राहिली. तोवर नोकरीच्या पत्राची मुदत संपली. “झाले तेवढे लाड पुरे,” दीर म्हणाला. पुन्हा परीक्षेचा विषय त्या घरात निघाला नाही.

मैत्रिणीला निरोप द्यायला आम्ही चिकलठाण्याच्या विमानतळावर गेलो. बहिणीनं तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी केली होती. दारापाशी मैत्रिणीच्या भावानं बॅग सोबत आणलेल्या काट्याला लावली. जड भरली. मैत्रिणीनं बॅग उघडली, थोडा वेळ आत नुसतीच पाहत राहिली आणि चटणीची बरणी बाहेर काढली.

“राहू दे गं,” बहीण म्हणाली. “तिकडं मिळतं सगळं.”

मैत्रीण आत गेल्यावर मी म्हणालो, “आज घरी चल. जेवून जा.”

“नको. दिवेलागणीच्या आत पोचायचंय. दिरांना तसं सांगूनच निघालेय.”

बरणी माझ्या हातात देऊन ती रस्ता ओलांडून रिक्षाकडं गेली.