पलंगाखालच्या बाटल्या

शिंपीकाका दरवर्षी एक स्वस्तातली वाइन आणून कपाटात मुरायला ठेवत, शिस्तीत उभी. कपाट भरलं तेव्हा काकूंनी तीन बाटल्या पलंगाखाली आडव्या सारल्या, तर काका आठवडाभर तोंड फुगवून बसले.

पुढे आठ वर्षांनी, शिलाईचं काम सोडलं त्या संध्याकाळी, काकांनी कपाटातली बाटली उघडली. बूच वाळून भुगा झालेलं आणि आत आंबट ढाण पाणी. दुसरीही तशीच. काकांचा चेहरा पडला.

काकूंनी पलंगाखालची बाटली काढून पुसली. आडव्या बाटलीतली वाइन लागून बूच ओलं राहिलं होतं, अख्खं निघालं. पहिला घोट घेऊन काकांनी लगेच दुसरा घेतला.

"मला कुठे काय कळतं," काकू म्हणाल्या, "तिथे उभ्या मावत नव्हत्या."

काकांनी पेला त्यांच्यापुढे धरला. "मी रुसलो तरी ऐकलं नाहीस, फार बरं केलंस."