रंजिताबाईंचा जादा रकाना

माणसाचं तोंड उघडून आत बघायचं, हा धंदा मी सव्वीस वर्षं करते आहे. खरं सांगायचं तर आता मला कुणाच्याच तोंडाची उत्सुकता उरलेली नाही. भिवंडीत तर नाहीच नाही. लूमवर बारा तासांची शिफ्ट करणारे पुरुष झोप लागू नये म्हणून गुटखा चघळतात. त्यांचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. गावातल्या बायका पहाटे उठून मिश्री लावतात आणि ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की ‘न्हाय बा’ म्हणून मोकळ्या होतात. पोरांच्या दुधाच्या दाढा शाळेत जायच्या आधीच काळ्या. तरी आमच्या संस्थेनं पाहणी काढली. तालुक्यात कीड किती जणांना, हिरड्या किती जणांच्या गेल्या, जादा दात किती जणांना आणि एखादा दात मुळातच न आलेले किती. सहाशे तोंडं मोजायची होती. पाठवलं मला, कारण तरुण डॉक्टरांना उन्हाचा त्रास होतो.

लिहायला म्हणून मला रंजिताबाई मिळाली. राहणारी कोन गावची, वय चव्वेचाळीस. पूर्वी लूमच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची. सुताची धूळ छातीत बसायला लागली तेव्हा ते सोडून आरोग्याच्या घरोघर फिरायच्या कामांना लागली. नवरा जवळच्याच पूर्णा गावातल्या एका गोदामात माल उतरवायचा. त्याची कंबर धरल्यापासून तो कामावर कमी आणि खाटेवर जास्त. बाई पहाटे साडेचारला उठून पाणी भरायची, दोन वेळचं रांधून ठेवायची आणि नऊला माझ्याबरोबर दुसऱ्यांच्या उंबऱ्यावर हजर. मी टॉर्च धरून सांगायची, ‘वर उजवी सहावी, कीड. पाचवी, चांगली. चौथी, नाही.’ ती बिनबोभाट आकडे भरायची. अक्षर सुबक, चूक शोधून सापडायची नाही. दोन घरांच्या मध्ये कुठे सावली मिळाली की चप्पल काढून टाचा चोळायची, बोलायची मात्र काही नाही. मला अशी माणसं आवडतात.

म्हणूनच फेब्रुवारीत जे सापडलं त्यानं माझं डोकं फिरलं. संध्याकाळी तक्ते तपासत होते, तर कित्येक तक्त्यांच्या पाठीमागे पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहिलेलं. ‘वर आधी. मामा दोन, हायेत.’ ‘वर आधी. मामा एक, वारला.’ पन्नासेक तक्ते तसेच.

दुसऱ्या दिवशी तिला रस्त्यातच गाठलं. ‘रंजिताबाई, हा काय चावटपणा? पाहणीचा कागद आहे की तुमची वही? जो प्रश्न छापलेला नाही तो लोकांना विचारायचा नसतो, एवढं कळत नाही?’

तिनं पिशवीतून खोडरबर काढलं. मग म्हणाली, ‘खोडून टाकते मॅडम. पन आदी मना एक सांगा. वरचा दात आदी आयला तर मामा मरतो का?’

मी तिला तिथेच झापणार होते. पण तिनं ते गंमत म्हणून विचारलं नव्हतं. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून तिनं मला सगळं सांगितलं.

तिची मुलगी भावना जन्मली तीच खालचा एक दात घेऊन. पहिलं बाळंतपण, म्हणून रंजिता माहेरी होती, खारबावजवळच्या गावात. वरचे दात आधी आले तर ते मामाला जड जातं असं आपल्याकडे मानतात, आणि जन्मतःच दात म्हणजे तर त्याहून वाईट. सुईणीनं तिसऱ्या दिवशी तो दात काढला आणि खाडीत टाकला. तरी दोष राहतोच म्हणाले. त्यांच्या घरची रीत अशी, की बारशाच्या आत मामानं स्वतः जाऊन चांदीची वाटी आणायची आणि तिच्यातून बाळाला खीर चाटवायची. ती वाटी आणायला रंजिताचा थोरला भाऊ दौलत मोटारसायकलवरून भिवंडीच्या बाजारात निघाला आणि वाटेत कंटेनरखाली गेला. बारसं झालंच नाही. तिची आई आनंदीबाई हिनं तेराव्याला सांगितलं, ‘तू ये, पन तुझ्या पोरीला या दारात आनायची न्हाय. माझा एक पोर उरलाय.’ त्याला बावीस वर्षं झाली. उरलेला पोर म्हणजे धाकटा भाऊ कुमार. टेम्पो चालवतो, आईचा शब्द मोडत नाही. तेव्हापासून त्यानं भाचीचं तोंड पाहिलेलं नाही.

आता भावनाचं लग्न वैशाखात ठरलं होतं.

‘भटजी हाक मारील, मुलीच्या मामानं मुलीला आना. तवा कोन आनील?’ रंजिताबाई म्हणाली. ‘चुलत मामा उभा केला तर सासरची मानसं इचारतील, सख्खा कुटं हाय? मग दाताची गोष्ट निगेल. मग आयुष्यभर तेच. तिच्या नवऱ्याला सर्दी झाली तरी तेच.’

मी भावनाला नंतर पाहिलं. गोदामाच्या ऑफिसात बिलं करते, चुणचुणीत आहे, आणि हसताना तोंडावर हात धरते. हात बाजूला करायला लावून तपासलं. बत्तीसच्या बत्तीस दात, कीड नाही, वाकडा नाही. माझ्या सहाशे तोंडांत इतकं नीटनेटकं तोंड दुसरं नव्हतं. आणि तीच हात धरते. राग आला मला, कुणाचा ते कळलं नाही.

त्या दिवशी पायरीवर मात्र मी एवढंच म्हणाले, ‘बाई, मोजायचं तर धड मोजा. ज्यांचे वरचे दात आधी आले त्यांचेच मामा विचारून काय कळणार? ज्यांचे खालचे आधी आले त्यांचेही विचारा. आणि माझ्या तक्त्यांवर नको, वेगळी वही घाला. सांगायचं की नाही ते ज्याचं तो ठरवील.’

झालं. संस्थेची पाहणी एकीकडे आणि बाईचा जादा रकाना दुसरीकडे. मी टॉर्च विझवला की ती हळूच आजीला विचारायची, ‘याला आदी वरचा आयला का खालचा? मामा हायेत ना बरे?’ गंमत अशी की आपल्या तोंडात किती दात आहेत हे ज्या बायांना सांगता येत नाही, त्यांना नातवाचा पहिला दात कुठला, कोणत्या सणाला दिसला, सगळं पाठ. वरचे आधी आलेले पुष्कळ निघाले. त्यात नवल काही नाही. बहुतेकांचे खालचे येतात, काहींचे वरचे, शरीर काही पंचांग बघून चालत नाही. आणि मामांचं म्हणाल, तर मामा दोन्हीकडे मरत होते. दारूनं, साखरेनं, रस्त्यावर, एक जण विहीर साफ करताना. वरचा आधी असो की खालचा, चार-पाच मामांमागे एक गेलेला. एप्रिल उजाडेपर्यंत वहीत हेच येत राहिलं.

भावनासारखी दात घेऊनच जन्मलेली मात्र सबंध पाहणीत एकच भेटली. भिवंडी शहरात सुरैयाबींच्या घरी, त्यांची मुलगी अफीफा, एकोणीस वर्षांची. सुरैयाबी सहज सांगून गेल्या, ‘हां, दात लेके आयी थी. हलत होता, दाईनं काढला. माझी सास बोलली, नसीबवाली है.’

रंजिताबाईचं पेन थांबलं. ‘आनि हिचा मामा?’

‘मामू? अंदरच बसलाय की. हाशिम, जरा बाहर आ!’

आतून लुंगी सावरत, हातात चहाचा कप घेऊन, शंभर किलोचा एक गृहस्थ आला आणि ‘क्या हुआ?’ म्हणाला. रंजिताबाई त्याच्याकडे बघतच राहिली. तो बिचारा अवघडला. शेवटी मी त्याचंच तोंड तपासायला घेतलं, म्हणजे बघायला काहीतरी कारण झालं.

त्यानंतर ती मला म्हणाली, ‘मॅडम, रविवारी आयेकडं चला. माझं कोन ऐकनार? तुमी सांगा.’

मला रविवार प्यारा असतो. पण गेले.

आनंदीबाई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मिश्रीनं काळे पडलेले पाच दात तोंडात उरलेले. सवयीनं मोजले गेले माझ्याकडून. कुमार टेम्पो पुसत अंगणात. रंजिताबाईनं वही उघडली आणि आईला सगळं वाचून दाखवलं. इतके वरचे आधी, त्यांचे इतके मामा, इतके गेले. इतके खालचे आधी, त्यांचे इतके. हाशिमचंही सांगितलं. मग माझ्याकडे बघितलं.

‘आजी,’ मी म्हणाले, ‘दोन-तीन हजार बाळंतपणांत एखादं बाळ दात घेऊन येतं. दुधाचाच दात असतो तो, घाईनं आलेला. भिवंडीत वर्षाला बाळं किती होतात बघा. म्हणजे अशी लेकरं या तालुक्यात येतच असतात. त्यांचे मामा काय सगळे मरतात? दाताचा दोष नव्हता हो.’

म्हातारी शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, ‘मना ठाव हाय.’

‘काय?’ रंजिताबाईनं विचारलं.

‘दाताचा दोस नव्हता. पयल्या दिसापासून ठाव हाय.’ तिनं शेंग खाली ठेवली. ‘दौलत जेवत व्हता. बोल्ला, आये, वाटी उद्या आनतो. मी बोल्ले, आताच जा, दुकान बंद व्हईल. भरल्या ताटावरून उठवला मी त्याला. अर्धी भाकर ताटात तशीच व्हती. दात न्हाय तर मग कोन गं, रंजे? तुझ्या वहीत लिवलंय का? वाच ना.’

अंगणात कुमारच्या हातातलं फडकं थांबलं. सव्वीस वर्षं मी लोकांना कारणं सांगत आले आहे. कीड कशानं, हिरडी कशानं. हे त्यातलं नव्हतं. मी इथे उगाच आले, हा काय शहाणपणा केला आपण, एवढंच मनात आलं.

रंजिताबाईनं वही मिटली. ‘न्हाय आये,’ ती म्हणाली, ‘दाताचाच दोस व्हता.’

मी तोंड उघडणार, तर तिनं माझं मनगट घट्ट दाबलं.

‘दातच व्हता. या डाक्टरीनबाय पुस्तकातलं बोलतात, त्यांना आपल्या घरचं काय ठाव? पन आये, तो दात तिसऱ्याच दिसाला खाडीत गेला. जाताना दौलतदादाला घेऊन गेला. त्याचं त्यानं घेतलं, दोस तवाच फिटला. माझी पोर काय दात हाय? आता कुमारला काय व्हनार?’

आनंदीबाईनं लेकीकडे बघितलं. डोळे भरून आले, ते तिनं पुसले नाहीत. ‘लय वायट दात व्हता,’ ती हळू म्हणाली.

‘लय वायट,’ रंजिताबाई म्हणाली.

मग म्हातारीनं अंगणाकडे तोंड करून हाक मारली, ‘कुमार, रंजीच्या पोरीच्या लग्नाच्या दिशी गाडीचं भाडं घेऊ नको कुनाचं. तुला पोरीला मांडवात न्यायची हाय.’

कुमार ‘बरं’ म्हणाला आणि तिथेच टेम्पोच्या पायरीवर बसला. त्याचे खांदे हलत होते.

परतताना रिक्षा मिळेना, म्हणून आम्ही चालत निघालो. मी धुमसत होते. तीन महिने उन्हात फिरून जे खरं हाती आलं, ते या बाईनं एका वाक्यात मोडून टाकलं होतं, वर मला पुस्तकी ठरवून. ‘मामा मिळाला, चांगलं झालं,’ मी म्हणाले, ‘पण मग मोजलंत कशाला एवढं? खोटंच सांगायचं होतं तर पहिल्या दिवशीच सांगायचं.’

ती मग थांबली, चप्पल काढली, आणि टाच चोळता चोळता खालीच बघत बोलली.

‘मी मना कळावं म्हनून मोजलं, मॅडम. दाताचाच दोस निगाला तर बरं, असं वाटायचं. आये बोल्ली ना, ताटावरून उठवला? तवा मी आत बालाला घेऊन निजले व्हते. मीच आतून वरडले व्हते, आये, आदी त्याला धाड, जेवन काय पलून जातंय? माझंच ऐकून तिनं उठवला त्याला. ती मना बोल लावू शकत व्हती. बावीस वर्षांत एकदाबी न्हाय लावला. दाताला लावला.’