बायकोच्या मापाचं घर

मास्तरांनी शिवणाचं दुकान बंद केलं ते म्हातारपणामुळे नव्हे, बायकोमुळे. तिचं विसरणं वाढत चाललं होतं. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायची, मग गॅस बंद करायला, आणि एका सकाळी चहाचा कप पुढे करताना तिने विचारलं, "भाऊ, तुम्ही कोण?" उभा जन्म त्यांनी त्याच बाईच्या हातचा चहा प्यायला होता. मास्तर म्हणाले, "मी शिंपी." खोटं काय होतं म्हणा त्यात!

तिला घरी एकटं सोडायची सोय राहिली नाही. शिलाई मशीनचा आवाज तिला सहन होईना, म्हणून मशीनही माळ्यावर गेलं. सतत चालणारे हात रिकामे पडले की माणूस उगाच खेकसायला लागतो. मास्तर भाजीवाल्यावर खेकसले, शेजाऱ्यांवर खेकसले. शेवटी मुलीने जाड कागदांचं एक पाकीट आणून त्यांच्या पुढ्यात टाकलं. छापलेले तुकडे कापायचे, दुमडायचे, चिकटवायचे, की दीपस्तंभ तयार.

"आता मला बालवाडीत घालतेस होय?"

"करून तर बघा, बाबा. नाही जमलं तर द्या रद्दीत."

'नाही जमलं तर' हे मास्तरांना झोंबलं. त्यांनी कात्री काढली आणि व्हायचा तो घोळ झाला. शिंप्याचा हात तो, बरोबर रेषेवर कापायला धजेना. उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून कापडाला कडेने थोडं जास्तीचं सोडतात, तसं त्यांनी प्रत्येक तुकड्याला सोडलं. मग कशाला काही जुळेना. दीपस्तंभ दारू प्यायल्यासारखा कलला. मुलगी पोट धरून हसली. मास्तर जाम चिडले, पण दुसरं पाकीट त्यांनी स्वतः जाऊन आणलं. कागद उसवता येत नाही, हे एकदा हाताला पटल्यावर ते रेषेवरून तसूभर हलले नाहीत. दीपस्तंभ झाला, पूल झाला, आगबोट झाली. कपाटावर जागा उरली नाही.

बायको मात्र त्यातल्या कशाकडे ढुंकून बघायची नाही. संध्याकाळ झाली की पिशवी घेऊन दाराशी उभी. "मला घरी जायचंय." तिचं घर म्हणजे लग्नानंतरच्या त्या दोन खोल्या. त्या पाडून तिथे गाड्या उभ्या करायची जागा होऊनही जमाना झाला होता. तसं सांगितलं की ती रडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी.

मग मास्तरांनी ठरवलं, ते घरच कागदाचं करायचं. घर ओळखलं तर घरातला माणूसही ओळखेल. असल्या वेड्या आशेवर म्हातारा कामाला लागला. पण त्या घराचा ना नकाशा, ना धड फोटो. खिडकी किती उंच होती? कट्ट्यावर कोपरं टेकून ती त्यांची वाट बघायची, म्हणजे जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंत. वरची फळी? हात पुरता ताणला की तिची बोटं डब्याला लागायची. दाराची रुंदी? दोन्ही हात कमरेवर ठेवून ती भांडायला उभी राहिली की दार भरायचं. तिची तेव्हाची मापं मास्तरांना तोंडपाठ होती, तिचे सगळे कपडे त्यांनीच शिवलेले. तीच मापं लहान करत करत घर उभं राहिलं.

संध्याकाळी त्यांनी ते टेबलावर मांडलं. तिने हातातली पिशवी खाली ठेवली. वाकून आत पाहिलं, खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं.

"अगंबाई, आमचं घर!"

मास्तर पुढे सरकले. "ओळखलंस?"

"न ओळखायला काय झालं?" ती हसली, आणि मग संकोचून हळूच म्हणाली, "भाऊ, तुम्ही आता निघा हं. दुकान बंद करून हे येतील एवढ्यात. परका माणूस घरात बघून काय म्हणतील?"

मास्तर स्वयंपाकघरात गेले आणि तोंडात टॉवेल कोंबून ढसाढसा रडले. बाहेर ती कागदाच्या घरापाशी बसून राहिली. जेवायला उठेना. "हे येऊ देत," एवढंच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी नवा कागद घेतला. तिला जेवायला उठवायचं तर त्या घराच्या दारात तिचा माणूस हवा, कागदाचा का होईना. पण त्या माणसाचं माप? गावाची मापं घेतली, स्वतःचं कधी घेतलंच नव्हतं, आणि पाठीवर टेप धरायला दुसरा हात लागतो.

"बाई, जरा हे टोक धरता का?"

ती आली. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी झाली की धरायची, तसंच तिने टोक खांद्याच्या हाडावर नेमकं टेकवलं आणि अंगठ्याने टेप पाठीवर सपाट करत नेली. दुसऱ्या खांद्याशी तिचा हात थांबला.

"गंमतच आहे, भाऊ," ती म्हणाली. "खांद्याला तुम्ही अगदी आमच्या ह्यांच्याएवढे आहात."

मास्तर पाठमोरेच उभे राहिले.

"असेन," ते म्हणाले. "आकडा सांगा."